मायकेल डिलनची गोष्ट

मागं एका गटाची बैठक संपल्यावर एक आई आमच्याशी बोलायला थांबली. म्हणाली, "लेकरू मुलगी म्हणून जन्मलं, पण कळायला लागल्यापासून मी मुलगाच म्हणतं. छाती दिसू नये म्हणून भर उन्हाळ्यात फडकं आवळून बांधतं. बरगड्या दुखतात, दम लागतो. आता छातीचं ऑपरेशन करायचं म्हणतं. हे नवीनच काय निघालं?"

नवीन नाही, एवढं आम्हाला ठाऊक होतं. म्हणून आज मायकेल डिलनची गोष्ट.

मायकेल १९१५ साली लंडनमध्ये जन्मला, मुलगी म्हणून. आई बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेली, आत्यांनी वाढवलं. ऑक्सफर्डला शिकताना तो मुलींच्या नौकासंघाचा प्रमुख होता. १९३९ साली एका डॉक्टरांनी त्याला पुरुषी संप्रेरकाच्या गोळ्या दिल्या. पण ज्या मानसोपचार डॉक्टरांपुढं त्यानं मन मोकळं केलं, त्यांनी ते बाहेर बोलून टाकलं. कुजबुज सुरू झाली. मायकेल नोकरी सोडून ब्रिस्टल शहरात गेला आणि गॅरेजमध्ये राबू लागला. युद्ध चालू होतं. रात्री बॉम्ब पडायचे, तेव्हा तो आगीवर पहारा द्यायचा.

रक्तातली साखर उतरून तो कोसळायचा. असाच दवाखान्यात असताना एक प्लास्टिक सर्जन भेटले. त्यांनी त्याला वेड्यात काढलं नाही. १९४२ साली त्याचे दोन्ही स्तन काढले. यात जादू नव्हती. कर्करोगासाठी स्तन काढणं डॉक्टरांना आधीपासून येतच होतं. फक्त या माणसाचं म्हणणं कुणीतरी ऐकून घेतलं. जन्मनोंद बदलून घे, हेही त्याच सर्जननी सुचवलं. १९४४ साली कागदावर तो पुरुष झाला. पुढं डब्लिनला शिकून १९५१ साली स्वतः डॉक्टर झाला.

मग जहाजावर डॉक्टरकी. घराणं सरदारी. तिकडं तेव्हा अशा घराण्यांच्या वंशावळ्या छापायचे. एकीत त्याची नोंद भाऊ म्हणून, दुसरीत बहीण म्हणून. १९५८ साली वर्तमानपत्रांनी तेवढ्यावरून सगळं चव्हाट्यावर मांडलं. जहाज सोडून तो आपल्या देशात आला. सारनाथला राहिला, लडाखच्या मठात भिक्षूंबरोबर राहिला. १९६२ साली डलहौसीला वारला, वय फक्त ४७. मागं राहिलेलं आत्मचरित्र भावाला जाळून टाकायचं होतं. ते वाचलं, पण छापायला पन्नासाहून जास्त वर्षं लागली.

आपल्याकडं २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं ठरवावं, आणि त्यासाठी ऑपरेशनची सक्ती नको. काहींना ऑपरेशन हवं असतं, काहींना नको असतं.

त्या आईला आम्ही ही सगळी गोष्ट सांगितली. ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "रेडिओवर सांगा, पण आमच्या गावाचं नाव घेऊ नका."

ते घेतलेलं नाही.