तेरा रुपयांची बाकी

बंगळूरला पोस्टिंग झालं की बंगळूर क्लबच्या जुन्या लेजरची गोष्ट कोणीतरी सांगतंच. जून १८९९ ची नोंद : वसूल न होणाऱ्या रकमांच्या यादीत लेफ्टनंट डब्ल्यू. एल. एस. चर्चिल, १३ रुपये. ऐकणारे हसतात. मला मात्र त्या काळच्या ग्लासात काय असायचं, याची उत्सुकता जास्त.

ऑक्टोबर १८९६ मध्ये फोर्थ हुसार्सबरोबर चर्चिल इथे आला, तेव्हा त्याला व्हिस्की मुळीच आवडत नव्हती. त्याच्या वडिलांची पिढी ब्रँडी-सोड्याची. आपल्याकडच्या छावण्यांतही ब्रँडी-पाणीच चाले. पण १८६० नंतर फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधले द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. ब्रँडी दुर्मिळ झाली आणि तिची जागा हळूहळू स्कॉचने घेतली.

१८९७ मध्ये मलाकंडला लढाई पेटली. चर्चिल रजा काढून, पाच दिवस रेल्वेने प्रवास करून सरहद्दीवर पोचला. तिथे रणरणतं ऊन आणि प्यायला पर्याय मोजके : चहा, कोमट पाणी, नाहीतर त्यात लिंबाचा रस किंवा व्हिस्की. चव जमवून घेतली ती तिथेच, असं तो स्वतःच सांगतो. पुढे आयुष्यभर त्याची कृती तीच राहिली. ग्लासचा तळ जेमतेम झाकेल इतकी व्हिस्की, वर भरपूर सोडा किंवा पाणी, आणि तो एक ग्लास तासन् तास पुरवायचा. आपल्या मेसमध्ये हाताच्या अंदाजाने 'पटियाला' ओतणाऱ्यांनी तर हे प्रमाण एकदा बघावंच!

आता त्या तेरा रुपयांकडे वळू. १८९५ मध्ये पायदळातल्या हिंदुस्थानी शिपायाचा पगार महिना सातवरून नऊ रुपये झाला होता. त्यातूनच त्याने स्वतःच्या जेवणाचाही खर्च भागवायचा. म्हणजे क्लबने सोडून दिलेली बाकी ही शिपायाची जवळपास दीड महिन्याची कमाई.

१६ सप्टेंबर १८९७ ला मामुंद खोऱ्यात चर्चिल ३५ व्या शीख पलटणीबरोबर होता. पुढे तो ३१ व्या पंजाब पलटणीलाही जोडला गेला. गोळ्या दोघांवर सारख्याच येत होत्या, साहेबावर आणि शिपायावर. साहेबाची उधारी सव्वाशे वर्षं कौतुकाने सांगितली जाते. त्याच्या शेजारी नऊ रुपयांवर लढलेल्या शिपायांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का?