सायकलला पाठ टेकायला जागा का नसते?

"डॉक्टर, तुम्ही सांगितलंत म्हणून सायकल घेतली. पण वीस मिनिटांत खाली सगळं बधिर होतं. आता ती गॅलरीत उभी आहे."

साठीकडे झुकलेले, मधुमेह असलेले एक गृहस्थ तपासणी संपवून दारापर्यंत गेले आणि मागे वळून हळू आवाजात मला हे सांगू लागले. असे रुग्ण मला बरेच भेटतात. 'आता वय झालं' असं म्हणून ते सायकल सोडून देतात. पण बहुतेक वेळा दोष वयाचा नसतो, सीटचा असतो. आणि ही सीट अशीच का राहिली, याची गोष्ट मोठी गमतीची आहे.

पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल जुनीच आहे. फ्रान्समधल्या शार्ल मोशे यांनी आधी आपल्या मुलासाठी पायडलवर चालणारी चारचाकी गाडी बनवली. पुढे मोठ्यांसाठी दोघांनी शेजारी बसून चालवायची 'वेलोकार' आली. मग त्यांनी त्याच धर्तीवर दुचाकी बनवली. तिला आरामखुर्चीसारखी बैठक होती आणि पायडल पुढच्या बाजूला होतं.

७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रांसिस फोर या सायकलपटूने या गाडीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. ऑस्कर एग यांचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून अबाधित होता, तो मोडला. रेलून बसल्यामुळे वाऱ्याला अडणारं शरीर कमी होतं, हे त्याचं मुख्य कारण. फोर हे काही त्या काळातले अव्वल सायकलपटू नव्हते, त्यामुळे खळबळ जास्तच झाली.

'ही सायकल म्हणायची का?' असा वाद सुरू झाला. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने शर्यतीच्या सायकलची व्याख्याच ठरवून टाकली. सीट आणि पायडल यांची जागा अशी बांधून दिली, की मोशेंची गाडी आपोआप बाद झाली. ऑगस्ट १९३३ मध्ये मॉरिस रिशार यांनी नेहमीच्या सायकलवर ४४.७७७ किलोमीटर अंतर कापलं होतं. आकडा फोरपेक्षा कमी, पण अधिकृत विक्रम म्हणून नोंद झाली ती याची. मोशे त्याच वर्षी, १९३४ मध्ये, वारले.

नियम फक्त शर्यतींसाठी होता. पण कारखानदार शर्यतींकडे बघून सायकली बनवतात आणि आपण दुकानात असेल ती घेतो. त्यामुळे पाठ टेकायची सायकल सामान्य माणसापर्यंत फारशी पोचलीच नाही, असं मला वाटतं.

१९७० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीचे प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन यांनी तिच्यावर पुन्हा काम सुरू केलं. त्यातून 'अवतार २०००' ही सायकल आली. १९९० च्या दशकात ओरेगनमध्ये 'बाइक-ई' निघाली. तिच्यावर जवळजवळ ताठ बसता येई, मागे पाठ टेकायला जागा असे आणि थांबल्यावर पाय जमिनीला टेकत. ती कंपनी २००२ मध्ये बंद पडली.

आता शरीराकडे वळू. खुर्चीवर बसताना वजन नितंबांवर आणि बैठकीच्या दोन हाडांवर येतं. सायकलच्या सीटच्या पुढच्या निमुळत्या टोकावर मात्र ते दोन पायांमधल्या मऊ भागावर येतं. तिथून जननेंद्रियांकडे जाणारी नस आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. अमेरिकेत सायकलवर गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने टोक नसलेली सीट देऊन पाहिली. बधिरपणा अजिबात न जाणवणाऱ्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे माणसं तीच होती, बदलली होती फक्त सीट.

मग काय करावं?

• सीट रुंद घ्या, टोक नसलेली मिळाल्यास उत्तम. टोक वर उचललेलं नको.
• हँडल थोडं उंच करा. पुढे वाकणं कमी होईल.
• दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडं उभं राहा.
• कंबरदुखी असेल किंवा तोल जात असेल, तर जिममध्ये किंवा फिजिओथेरपी सेंटरमध्ये पाठ टेकायची स्थिर सायकल असते, ती वापरा. सीट फार जवळ घेऊ नका, गुडघ्यावर ताण येतो.

पाठ टेकायच्या सायकलीतही उणिवा आहेत. चढावर उभं राहून जोर लावता येत नाही, आणि बैठक खाली असेल तर रहदारीत ती पटकन दिसत नाही.

एक महत्त्वाची सूचना. सायकल थांबवूनही बधिरपणा टिकला तर डॉक्टरांना दाखवा. त्यासोबत लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, किंवा पायांतली ताकद कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. तो मणक्यातल्या नसा दबल्याचा इशारा असू शकतो.

त्या गृहस्थांनी सीट बदलली आणि सायकल गॅलरीतून खाली उतरली. बधिरपणा ही सांगायला लाजण्याची गोष्ट नाही. दारापर्यंत जाईस्तोवर थांबू नका, खुर्चीत बसल्या बसल्याच सांगा.