तांत, नायलॉन आणि तबली

अल्प द्रव्यात चांगले वाद्य मिळेल काय, हा प्रश्न मध्यमवर्गीय कुटुंबात पुनःपुन्हा उपस्थित होतो. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून गिटार परिचयाची आहे. आता ती इतरत्रही आपल्या घरांत आली आहे. मुलाला वा मुलीला नखीवाचून, केवळ बोटांनी छेडावयाची गिटार हवी असते, आणि हाती रक्कम बेताचीच असते. अशा वेळी विक्रेत्याच्या शब्दापेक्षा इतिहासाची साक्ष अधिक भरवशाची. ती येथे थोडक्यात नोंदवितो.

या गिटारीच्या तारा पूर्वी नायलॉनच्या नव्हत्या. वरच्या स्वरांच्या तीन तारा तांतीच्या, म्हणजे जनावरांच्या आतड्यांपासून वळलेल्या असत; खर्जाच्या तीन तारांत रेशमाच्या गाभ्यावर धातूची बारीक तार गुंडाळलेली असे. आपल्या सारंगीच्या तीन मुख्य तारांनाही तांतच लागते. तांतीचा नाद गोड खरा. पण हवेतील ओलावा बदलला की तिचा स्वर ढळतो, आणि ऐन वादनात ती तुटते. गरीब विद्यार्थ्याला हा वारंवारचा खर्च पेलणारा नव्हता.

अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या संशोधनातून १९३५ साली नायलॉन सिद्ध झाले व १९३८ साली ते जगापुढे आले. दुसऱ्या महायुद्धात जखमा शिवण्यासाठी तांतीची मोठी गरज पडली आणि वादकांना ती दुर्मीळ झाली. न्यूयॉर्कचे वाद्यनिर्माते आल्बर्ट ऑगस्टीन यांनी त्या दशकात नायलॉनच्या तारा घडविण्याचा उद्योग आरंभिला. स्पेनचे थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) यांनी त्या स्वीकारल्या, आणि मग जगाने त्या स्वीकारल्या. आपल्या देवळांतील मृदंगाला चामडे चालत आलेलेच आहे. तरी आतड्याची तार घरात नको वाटणाऱ्यांचाही संकोच यामुळे आपोआप मिटला.

तार स्वस्त झाली, पण वाद्याचे काय? येथे दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो. स्पेनमधील आल्मेरियाचे सुतार आंतोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) यांनी गिटारीला आजचे रूप दिले. त्यांनी अंग मोठे केले, तबली पातळ केली, तिच्या आतल्या बाजूस पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेल्या पट्ट्यांचा आधार दिला, आणि तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ६५० मिलिमीटर ठेवली. आजही तेच माप प्रचलित आहे. नाद तबलीतून उपजतो, पाठीतून किंवा कुशीतून नव्हे, अशी त्यांची धारणा होती. ती सिद्ध करण्यासाठी त्यांनी १८६२ साली एक गिटार केली. तिची तबली उत्तम लाकडाची, पण पाठ व कुशी मात्र चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या! ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. वकिली भाषेत सांगावयाचे तर, इतका प्रत्यक्ष पुरावा क्वचितच हाती लागतो.

या पुराव्यावरून निघणारा निष्कर्ष उघड आहे. बेताची रक्कम असेल तर ती तबलीवर खर्चावी. शिंपल्यांच्या नक्षीवर वा चकाकीवर नव्हे. स्वस्त गिटारीची तबली बहुधा पातळ थर चिकटवून केलेली असते. बरी असेल तर अखंड फळीची. नादछिद्राच्या कडेशी पाहावे: वरचे रेषे कडेवरून थेट खाली उतरलेले दिसले तर फळी अखंड, मध्ये थर दिसले तर चिकटविलेली. यामाहा कंपनीची सी-४० ही थरांच्या तबलीची, तर सीजी-१२२ अखंड तबलीची. मात्र कोकणच्या पावसाळ्यात थरांची तबली अधिक टिकाऊ, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. लहान मुलाच्या हाती ती देण्यात कमीपणा नाही.

पाठीच्या लाकडाचा मोह तर आणखी आवरावा. गिटारीसाठी नावाजलेले ब्राझीलचे शिसव १९९२ साली आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या यादीत गेले. आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या शिसवाचाही जगभर गिटारींसाठी वापर झाला, आणि २०१७ पासून त्याच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. जिथे पुठ्ठ्यानेही काम भागले, तिथे दुर्मीळ वृक्षासाठी जादा किंमत मोजण्याचे प्रयोजन काय?

बोटांनी वाजविणाऱ्याने आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. गळ्याची रुंदी खुंट्यांकडील टोकाशी सुमारे ५२ मिलिमीटर असावी. तरच तारांमध्ये बोटांना जागा मिळते आणि अंगठा खर्जावर, उरलेली बोटे वरच्या तारांवर मोकळी फिरतात. बाराव्या पडद्यावर तारेची उंची सुमारे ३ ते ४ मिलिमीटर असावी. अधिक असल्यास बोटे दुखून शिकणारा वाद्य टाकून देतो. आणि त्याच पडद्यावर दाबलेली तार मोकळ्या तारेच्या वरच्या षड्जाशी अचूक जुळावी. न जुळल्यास ते वाद्य कधीच सुरात येणार नाही. अशा गिटारीला पोलादी तारा मात्र लावू नयेत. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे ४० किलो, पोलादी तारांचा बहुधा ७० किलोंच्या आसपास. त्या ओढीने घोडी उखडून तबलीच फाटते.

नायलॉनने विद्यार्थ्याला स्वस्त तार दिली आणि तोर्रेसच्या पुठ्ठ्याने ग्राहकाला विवेक दिला. हे दोन्ही ध्यानी ठेवून वाद्य पारखणाऱ्याला आपल्या ऐपतीबद्दल खंत करण्याचे कारण नाही. पहिली गिटार कशी मिळते यावर पुष्कळदा मुलाची संगीताशी जोडलेली नाळ टिकते किंवा तुटते. ती टिकावी एवढ्यासाठी दुकानात अर्धा तास अधिक घालविणे हा काही मोठा खर्च नव्हे.