गुडघ्यातली दोरी

आमच्या बिडकीनला कबड्डीत गुडघ्यात 'कट्ट' वाजलं की अजूनही आधी तेल चोळतात. सूज उतरली की पोरगं परत मैदानात, आणि मग आतली गादीही फाटते. कारण तुटलेली क्रूशिएट लिगामेंट आपोआप सहसा जुळत नाही. सांध्यातल्या पाण्यात रक्ताची गाठच टिकत नाही.

१८९५ मध्ये लीड्सच्या मेयो रॉबसननं एका खाणकामगाराची लिगामेंट चक्क शिवली. १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्जनं मांडीच्या पट्टीतून नवीच बसवली. माझ्या मते खरी उडी हीच.

ऋषभ पंतच्या लिगामेंटचं ऑपरेशन जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत डॉ. दिनशॉ पारडीवालांनी केलं. मैदानात परतायला मार्च २०२४ उजाडला. अशा बसवलेल्या पट्टीत रक्तवाहिन्या शिरायला, तिची लिगामेंट व्हायला महिनेच्या महिने जातात. पैसा कितीही असो, तिथे फास्ट-फॉरवर्डचं बटण नाही.