सूर नावाची नगरे आणि नामसाम्याचा पुरावा

नकाशावर एकाच नावाची दोन गावे दिसली की त्यांचे मूळही एकच असावे अशी समजूत सहज होते, आणि स्थलनामांच्या अभ्यासात, म्हणजे गावे, नद्या व डोंगर यांच्या नावांवरून भूतकाळाचा माग काढण्याच्या शास्त्रात, या समजुतीने आजवर बराच घोटाळा घातलेला आहे. नाव जितके आखूड तितका हा धोका अधिक, कारण दोन-तीन ध्वनी योगायोगाने जुळायला फारसे काही लागत नाही. ‘सूर’ हे अशा नावांपैकी एक होय. लेबनॉनच्या किनाऱ्यावर एक सूर आहे, ओमानच्या पूर्व टोकाशी दुसरे, तुर्कस्तानातील दियारबकिर शहराचा तटबंद भाग सूर म्हणून ओळखला जातो, उत्तर हिंदुस्थानावर राज्य करणारे एक अफगाण घराणे सूर होते, आणि कॅलिफोर्नियाच्या कड्यांवर ‘बिग सूर’ वसलेले आहे. यांतील पहिली दोन नगरे बंदरे आहेत, दोन्हींचे अरबी लेखन एकसारखे आहे आणि दोन्हींचा लौकिक जहाजांवर उभा राहिला, त्यामुळे त्यांचे नाते जोडण्याचा मोह सर्वांत जुना आणि सर्वांत टिकाऊ ठरला.

लेबनॉनचे सूर म्हणजे ग्रीक व लॅटिन ग्रंथांतील टायर आणि मराठी बायबलमधील सोर. फिनिशियन लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ खडक असा होता, आणि तो नगराच्या जागेला चपखल लागू पडत होता, कारण प्राचीन सूर किनाऱ्यापासून पाऊण किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या खडकाळ बेटावर वसलेले होते. बेटामुळे शत्रूपासून संरक्षण मिळे, परंतु पाणी आणि सरपण यांसाठी समोरच्या किनाऱ्यावर अवलंबून राहावे लागे. इजिप्तमधील अमार्ना येथे १८८७ मध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांत सूरचा राजा अबिमिल्कु याने इ. स. पू. चौदाव्या शतकात फॅरोला पाठवलेली पत्रे आहेत, आणि सिदोनच्या राजाने किनाऱ्यावरील उशू हे ठाणे बळकावल्यामुळे आपल्याकडे ना पाणी उरले ना लाकूड, ही त्यांतील तक्रार बेटावरील जीवनाची नेमकी अडचण सांगून जाते.

पुढे इ. स. पू. दहाव्या शतकात हिराम राजाच्या काळी या नगराचा उत्कर्ष झाला. सॉलोमनच्या मंदिरासाठी देवदाराचे लाकूड व कारागीर त्याने पुरवले असे बायबल सांगते. सूरची खरी श्रीमंती मात्र जांभळ्या रंगातून आली. म्युरेक्स जातीच्या सागरी शंखांतील प्राण्याच्या शरीरात एक लहान ग्रंथी असते. तिच्यातला स्राव प्रथम रंगहीन असतो, आणि हवा व ऊन लागताच पिवळा, हिरवा, निळा अशा छटा घेत अखेरीस जांभळा होतो. रोमन लेखक प्लिनी याच्या वर्णनानुसार या ग्रंथी मीठ लावून तीन दिवस ठेवीत, मग धातूच्या भांड्यात मंद आचेवर दिवसेंदिवस तापवीत आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास गाळून त्यात लोकर बुडवून पाहत. पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये १२,००० शंख वापरून शुद्ध रंगद्रव्य काढले, तेव्हा हाती आले ते अवघे १.४ ग्रॅम, हा रंग राजेमहाराजांखेरीज इतरांना का परवडत नसे, याचे उत्तर या एका आकड्यात मिळते. या द्रव्याचा रेणू आणि हिंदुस्थानातील नीळ यांच्यात फरक आहे तो फक्त ब्रोमीनच्या दोन अणूंचा. रंगशाळांच्या दुर्गंधीमुळे सूरमध्ये राहणे नकोसे होई, पण नगर धनवान झाले ते त्यांच्यामुळेच, असे भूगोलकार स्ट्रेबो नोंदवतो.

बेटाचे बेटपण संपवले ते अलेक्झांडरने. इ. स. पू. ३३२ मध्ये सात महिन्यांच्या वेढ्यात त्याने किनाऱ्यावरील जुन्या वस्तीचे दगड व लाकूड समुद्रात लोटून बेटापर्यंत बांध घातला आणि नगर जिंकले. सुमारे ३०,००० माणसे गुलाम म्हणून विकली गेली, असा आकडा इतिहासकार एरियन देतो. त्या बांधाच्या दोन्ही बाजूंना लाटांनी वाळू आणून टाकली, बांध रुंद होत गेला, आणि आजचे सूर भूमीला जोडलेल्या भूशिरावर उभे आहे. क्रुसेडच्या युद्धांत ११२४ मध्ये ते ख्रिस्ती सैन्याच्या हाती गेले व १२९१ मध्ये ममलूक सुलतानांकडे आले. ग्रीकांनी टायर म्हटले, लॅटिनांनी टायरस म्हटले, तरी स्थानिक लोकांच्या तोंडी जुने नाव तीन हजारांहून अधिक वर्षे टिकून राहिले.

ओमानचे सूर अरबी द्वीपकल्पाच्या अगदी पूर्वेकडील भूशिराजवळ, एका खाडीच्या तोंडाशी आहे. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याचे जहाज येथे लागले, आणि समोर दिसणाऱ्या कलहात या मोठ्या बंदराकडे तो एका हिंदी सोबत्याबरोबर पायी निघाला. वाटाड्याने लुबाडण्याचा बेत केल्यामुळे ती चाल त्यांना चांगलीच महागात पडली, हे त्याच्या प्रवासवृत्तात आले आहे. त्या काळी महत्त्व होते ते कलहातला. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी कलहात लुटले व ते ओस पडत गेले, तर सूर जहाजबांधणीचे व मालवाहतुकीचे केंद्र म्हणून पुढे आले.

सूरच्या कारागिरांची ख्याती होती ती ‘गंजा’ या जहाजासाठी. उंच, कोरीव नक्षीच्या मागील भागावरून ओळखू येणारे हे जहाज कच्छच्या कोटियाशी इतके मिळतेजुळते आहे की दोहोंची घडण एकाच परंपरेतली मानावी लागते. आधी जहाजाच्या तळातील मुख्य तुळईला फळ्यांचे कवच जोडायचे आणि मगच आतल्या वाकड्या फासळ्या बसवायच्या, ही तेथील रीत होती. कागदावरचा आराखडा नसे, सुताराचा अंदाज हाच आराखडा. दोरीने फिरवायच्या सामत्याने भोक पाडून खिळा ठोकीत, सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासून भरीत आणि लाकूड किड्यांनी पोखरू नये म्हणून पाण्याखालच्या भागाला चुना व चरबी यांचा लेप देत. ओमानमध्ये असे लाकूड उगवत नसल्यामुळे साग मलबारहून येई. हिवाळ्यातील ईशान्य मोसमी वाऱ्यावर खजूर व खारवलेली मासळी घेऊन ही जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याला उतरत आणि नैर्ऋत्य वारा सुरू झाला की तेथून घरबांधणीच्या बल्ल्या घेऊन परतत, तर दुसऱ्या फेऱ्या हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याकडे होत. खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या शिवण्याची त्याहून जुनी रीत पडताळून पाहण्यासाठी टिम सेव्हरिन याने ‘सोहार’ हे जहाज याच सूरमध्ये बांधून घेतले, त्यासाठी लाकूड केरळातून व काथ्या लक्षद्वीपहून आणला, आणि १९८०-८१ मध्ये ते ओमानहून चीनमधील कँटनपर्यंत नेले.

एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतून होणाऱ्या गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश आरमाराने जहाजांची झडती घेण्यास सुरुवात केली, तेव्हा सूरच्या अनेक नाखुदांनी, म्हणजे जहाजप्रमुखांनी, फ्रेंच निशाण व फ्रेंच कागदपत्रे मिळवली, कारण फ्रेंच जहाजे तपासण्याचा हक्क ब्रिटिशांना नव्हता. मस्कतच्या सुलतानाच्या प्रजेला परके निशाण लावता येते का, हा वाद अखेरीस हेग येथील स्थायी लवाद न्यायालयात गेला. ८ ऑगस्ट १९०५ रोजी दिलेल्या निर्णयात २ जानेवारी १८९२ नंतर असे निशाण देण्याच्या फ्रान्सच्या अधिकारावर कडक मर्यादा घालण्यात आल्या. आगबोटींनी व नंतर इंजिनांनी शिडांचा व्यवसाय मोडीत काढला. १९५१ मध्ये येथे बांधलेली ‘फतह अल-खैर’ ही गंजा आता शहरात जतन करून ठेवलेली आहे, आणि २००० पासून जवळच्या कलहात येथून द्रवरूप नैसर्गिक वायू जहाजांतून परदेशी जातो.

या दोन सूरांचे नाते जोडण्यास आधार मिळाला तो ग्रीक ग्रंथांचा. फिनिशियन लोक पूर्वी एरिथ्रियन समुद्राकाठी, म्हणजे अरबी समुद्र व इराणचे आखात यांच्या परिसरात, राहत होते असे हेरोडोटस म्हणतो, तर आखातात टायरस व अराडस नावांची बेटे असून भूमध्य समुद्रावरील त्याच नावांची नगरे आपल्याच वसाहती असल्याचे तेथील लोक सांगतात, अशी नोंद स्ट्रेबोने केली आहे. या विधानांच्या भरवशावर थिओडोर बेंट याने १८८९ मध्ये बहारीनमधील थडगी उकरली आणि ती फिनिशियनांची ठरवली. नंतरच्या उत्खननांनी ती कांस्ययुगातील दिल्मुन या स्थानिक संस्कृतीची असल्याचे दाखवून दिले. ओमानच्या सूरमधून फिनिशियन दर्यावर्दी भूमध्य समुद्राकडे गेले, ही कथा याच विचाराची पुढची पायरी होय. उत्खननातून हाती आलेल्या पुराव्याप्रमाणे फिनिशियन संस्कृती लेवांतच्या, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील, किनाऱ्यावरील कनानी समाजातूनच वाढली, आणि ओमानमध्ये तिच्या आरंभीचा कोणताही अवशेष मिळालेला नाही.

या कथेविरुद्धचा एक महत्त्वाचा पुरावा स्वतः फिनिशियनांच्या वागणुकीत आहे. सूरच्या लोकांनी भूमध्य समुद्रभर वसाहती केल्या, पण त्यांतील प्रमुख वसाहतींना आपल्या गावाचे नाव दिले नाही. परंपरेनुसार इ. स. पू. ८१४ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वसलेले नगर ‘कार्त हदश्त’, म्हणजे नवे नगर, म्हणून ओळखले गेले व त्याचेच कार्थेज झाले. कार्थेजच्या हास्द्रुबल या सेनापतीने स्पेनमध्ये वसवलेल्या ठाण्यालाही तेच नाव मिळाले व त्याचे कार्ताहेना झाले, आणि स्पॅनिश लोकांनी १५३३ मध्ये दक्षिण अमेरिकेत वसवलेले कार्ताहेना आज कोलंबियात आहे. येथे प्रत्येक दुव्याला संस्थापक, काळ व लेखी आधार आहे. नावाचा वंश सिद्ध करण्यासाठी लागणारा पुरावा हा असा असतो.

उरलेल्या सूरांची छाननी केली तर साम्य आणखी विरळ होते. दियारबकिरचे सूर अरबीतील तटबंदीवाचक शब्दावरून आले असून त्यातील ‘स’ बंदरांच्या नावातील ‘स’पेक्षा निराळ्या अक्षराने लिहिला जातो, हा भेद अरबी लिपीत दिसतो आणि नागरीत पुसला जातो. तेथील काळ्या बसाल्ट दगडाचा तट सुमारे ५.८ किलोमीटर लांब आहे, आणि इ. स. ३५९ मध्ये इराणच्या दुसऱ्या शापूरने या नगराला घातलेल्या ७३ दिवसांच्या वेढ्याचे वर्णन आत अडकलेल्या अमियानस मार्सेलिनस याने करून ठेवले आहे. शेरशाह सूरी याचे आडनाव अफगाणांतील सूर कुळावरून पडले. १५४० मध्ये हुमायूनला हुसकावून त्याने सत्ता घेतली आणि सुमारे साडेअकरा ग्रॅम वजनाचा चांदीचा रुपया चालवला. ओमानच्या बंदरातील खलाशालाही सूरी म्हणतात आणि अरबीत सीरियाच्या रहिवाशालाही, त्यामुळे निव्वळ आडनावावरून वंश ठरवू पाहणारा अभ्यासक सहज फसतो. कॅलिफोर्नियाचे सूर हा तर स्पॅनिशमधील दक्षिणवाचक शब्द असून माँटेरीच्या दक्षिणेकडील विस्तीर्ण, निर्जन मुलखाला तो लावला गेला, आणि कड्यांतून कोरलेला महामार्ग १९३७ मध्ये पुरा होईपर्यंत तेथे पोहोचणे अवघड होते. मराठीतील गाण्याचा सूर संस्कृत ‘स्वर’पासून आलेला असून यांपैकी कोणाशीही त्याचे काही देणेघेणे नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनातही या प्रकारचा मोह झालेला आहे. हिराम व सॉलोमन यांची जहाजे ज्या ओफीर नावाच्या देशातून सोने आणीत, त्याचे नाव बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘सोफिर’सारख्या रूपात येते, आणि एवढ्या आधारावर काही अभ्यासकांनी ओफीर म्हणजे आपले सोपारा असे मानले. सोपाऱ्याचे प्राचीनत्व याहून कितीतरी भक्कम पायावर उभे आहे: तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आहे आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप खणून अस्थिकरंडक बाहेर काढला. हा पुरावा इ. स. पू. तिसऱ्या शतकाकडे नेतो, सॉलोमनच्या दहाव्या शतकाकडे नेत नाही, आणि मधल्या सातशे वर्षांची पोकळी नावाच्या उच्चाराने भरून निघत नाही.

नामसाम्य हे संशोधनाला प्रश्न पुरवते, उत्तर देण्याची ताकद त्याच्यात नसते. दोन स्थळांचे नाते सांगायचे असेल तर मूळ लिपीतील लेखन, कालक्रम, उत्खनन आणि स्थलांतराची नोंद या चारांपैकी किमान दोन बाबी तरी जुळल्या पाहिजेत; लेबनॉन आणि ओमान यांच्या सूरांबाबत फक्त पहिली जुळते, आणि म्हणून ती दोन स्वतंत्र नगरे मानणेच योग्य ठरते.