तळटीप : लिलावातले ‘व्हिक्टोरियन’ मेज

* लिलावाच्या यादीत या मेजाला ‘व्हिक्टोरियन’ म्हटले आहे, ते राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीवरून (१८३७–१९०१). तेवढ्यावरून ते विलायतेहून आले असे धरू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतले कारागीर शिसवी लाकडात इंग्रजी घाटाची, दाट नक्षीची खुर्च्या-मेजे घडवत. आमचे परतूर गाव तेव्हा निजामाच्या मुलखात होते. १९०० च्या सुमारास मनमाड–हैदराबाद रेल्वे झाल्यावर मुंबईचा माल इकडे पोचणे सोपे झाले. घडण कुठली, हे ड्रॉवर बाहेर काढून पाहावे. हाताने कापलेले सांधे किंचित कमी-जास्त असतात, यंत्राचे अगदी एकसारखे. तळफळीचे लाकूड, स्क्रूची खाच, कारखान्याची चिकटवलेली चिठ्ठी यांचा पुरावा दर्शनी नक्षीपेक्षा भक्कम. मूळ पॉलिश खरवडले किंवा पाय बदलले की किंमत झपाट्याने उतरते. हौसेने केलेल्या अशा ‘दुरुस्त्यां’नी कितीतरी चांगल्या वस्तू वाया गेल्या, हे दुःखद आहे. अंतिम बोलीवर लिलावगृहाचे कमिशन वेगळे चढते, म्हणून छापील आकडे पडताळूनच वाचावेत. शंभर वर्षांवरील, पुरावशेष ठरणारी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर विकता येत नाही. – संपा.