मदरबोर्ड : कारखानदारांमधील एक करार

संगणक घ्यावयास निघालेला गृहस्थ प्रथम चौकशी करतो ती प्रोसेसरची, मग रॅमची, मग पडद्याच्या आकाराची. मदरबोर्ड कोणता घ्यावा हा प्रश्न तो बहुधा दुकानदारावरच सोपवितो. वाडा बांधताना खांब-तुळया स्वतः पारखून घ्याव्यात आणि जोते मात्र गवंड्याच्या मर्जीवर सोडावे, त्यातलाच हा प्रकार. वास्तविक संगणकाचे सारे भाग ज्या फळीवर एकत्र येतात ती नुसती फळी नव्हे. परस्परांना कधी न भेटलेल्या कारखानदारांमधील तो एक करार आहे. हा करार कसा घडला हे कळले, म्हणजे निवड पुष्कळच सोपी होते.

१९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ ह्या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ऑल्टेर ८८०० हा संगणक झळकला. त्याला आजच्या अर्थाने मदरबोर्ड नव्हताच. शंभर टोकांचे स्लॉट एका ओळीत बसविलेले असत; प्रोसेसर एका कार्डावर, स्मृती दुसऱ्या कार्डावर. पुढे १९७७ साली स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी ॲपल टूमध्ये प्रोसेसर आणि स्मृती एकाच फळीवर आणून शेजारी आठ स्लॉट रिकामे ठेवले. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉब्झ यांना दोनच पुरेसे वाटत होते. पण वॉझ्नियॅक यांनी आग्रह सोडला नाही. (अशा स्लॉटात खोचावयाच्या लहान फळ्यांना इंग्रजीत ‘डॉटरबोर्ड’ म्हणतात. आईच्या नावामागून लेकीचे नाव आले ते असे.)

खरा इतिहास घडला तो १२ ऑगस्ट १९८१ रोजी. आय.बी.एम. ही मातबर कंपनी. आपले यंत्र आपणच घडवावयाचे अशी तिची रीत. परंतु वैयक्तिक संगणक सुमारे एका वर्षात बाजारात आणावयाचा म्हणून फ्लॉरिडातील बोका रॅटन येथील तिच्या मंडळींनी इंटेलचा ८०८८ प्रोसेसर घेतला, इतर भागही बाजारातलेच घेतले आणि पाच स्लॉटांची फळी तयार केली. एवढ्यावर न थांबता कंपनीने त्या फळीचे विद्युत्-आराखडे तांत्रिक पुस्तिकेतून विक्रीस ठेवले. कार्डे बनवू इच्छिणारांना जणू उघडे आमंत्रणच मिळाले! बायॉस ह्या मूळ आज्ञावलीवर तेवढा कंपनीचा लेखाधिकार राहिला. कॉम्पॅकसारख्या नव्या कंपन्यांनी मूळ मजकूर न पाहता तसेच कार्य करणारी स्वतंत्र आज्ञावली लिहविली, आणि तोही अडसर दूर झाला.

१९८४ च्या ‘एटी’ संगणकात स्लॉट रुंदावताना जुना भाग तसाच ठेवून पुढे नवा तुकडा जोडला होता. त्यामुळे बरीचशी जुनी कार्डे वाया गेली नाहीत. हे शहाणपण १९८७ साली मात्र सुटले. ‘पीएस/२’ मालिकेत आय.बी.एम.ने ‘मायक्रो चॅनल’ नावाचे स्लॉट आणले. गुणांनी ते सरस होते यात संशय नाही. परंतु जुने कार्ड त्यात बसेना आणि इतरांना ते वापरण्यासाठी परवान्याचे मोल द्यावे लागे. परिणाम असा झाला, की १९८८ साली कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि जुन्या कार्डांना सामावून घेणारी निराळी रचना त्यांनी जाहीर केली. मायक्रो चॅनल मागे पडले. ज्या घराने करार लिहिला, त्यालाही तो एकट्याने मोडता आला नाही. पुढे इंटेलचीही हीच गत झाली. १९९५ साली तिने आखलेली एटीएक्स रचना सर्वमान्य झाली. तिच्या जागी आणलेली बीटीएक्स मात्र दोन-तीन वर्षांतच गुंडाळावी लागली.

आता खरेदीकडे वळू. प्रोसेसर ज्यावर बसतो ते सॉकेट प्रथम पाहावे, कारण करारातील सर्वांत अल्पायुषी कलम तेच. इंटेलचे एलजीए १७०० हे सॉकेट २०२१ साली आले आणि २०२४ साली एलजीए १८५१ ने त्याची जागा घेतली. उलट एएमडीच्या एएम ४ सॉकेटच्या २०१७ सालच्या काही बोर्डांवर बायॉस अद्ययावत केल्यावर २०२० सालचे प्रोसेसरही चालतात. चार-पाच वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून काम भागवावे असा ज्याचा विचार आहे, त्याने हा फरक दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच समजून घ्यावा. नंतर रॅम. एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर ४ साठी, तर काही डीडीआर ५ साठी आहेत. दोन्ही पट्ट्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसणारच नाही. बळ लावून पाहू नये. चिपसेट कोणता यावर स्लॉटांची आणि जोडण्यांची संख्या ठरते. पण घरगुती कामास सहसा मध्यम प्रतीचा पुरतो. रंगीबेरंगी दिव्यांसाठी दाम मोजावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे; मी मोजणार नाही.

आकाराची चिंता मात्र फारशी नको. पूर्ण एटीएक्स बोर्ड आजही ३०५ × २४४ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या स्क्रूंची भोके १९९५ साली ठरली तेथेच आहेत. माळ्यावर त्या काळातली एटीएक्स पेटी पडून असेल, तर नवा बोर्ड तिच्यात ठेवून पाहावा.